या परत

घाटाखालचं आमचं गाव म्हणजे वरच्या वाड्यांचा बाजार, दवाखाना, पिठाची गिरणी, सगळंच. जे लागेल ते इथे मिळतं, असा आमचा तोरा.

काल पावसामुळे कापडदुकानाच्या पायरीवर आम्ही काहीजण थांबलो होतो. वरच्या वाडीतला एक म्हातारा भिजत आला आणि त्याने मयताचं कापड मागितलं. घडी हातात देताना दुकानदार सवयीने बोलून गेला, "या परत." लगेच त्याने जीभ चावली. असल्या खरेदीला आमच्याकडे कुणी 'या' म्हणत नाही.

"यावंच लागंल," म्हातारा शांतपणे म्हणाला. "वाडीत आता आमी म्हातारीच उरलोय." मग आमच्याकडे वळून त्याने विचारलं, "खांदा द्यायला मानसं मिळत्यात का हितं?"

आम्ही पावसाकडे बघत राहिलो.