मोटारीवरची माळ

विघ्नहर्त्या गजाननाचे स्मरण करून आणि ग्रामदैवताला मनोमन दंडवत घालून हे लिहीत आहे. निमित्त यंदाच्या दसऱ्याचे. सहधर्मचारिणीच्या वर्षश्राद्धानंतर आमच्या घरात आलेला हा पहिला सण.

महाडला आमच्या अंगणात एक जुनी मोटार आहे, गोल दिव्यांची, फिक्या निळ्या रंगाची. चालवीत असे मी, परंतु पूजेचा मान गृहिणीचा. दर दसऱ्याला ती स्वतः ओवलेली झेंडूची माळ समोरच्या काचेखाली, वारा आत घेणाऱ्या जाळीवर बांधी. ती माळ पुढे कोणी सोडायची नाही, हा तिच्या माहेरचा दंडक. माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरवाडीत. तिथे बैलगाडीची माळसुद्धा वाटेवर आपोआप गळू देत. एकदा मी सुकलेली माळ सोडू लागलो, तर ओटीवरूनच म्हणाली, "अहो, हात लावू नका. निघालेल्याची माळ काढली की वाट तुटते. शास्त्र तुम्हाला ठाऊक, वाट मला ठाऊक."

मी हात मागे घेतला.

तिने बांधलेली शेवटची माळ तशीच राहिली. तिच्या पश्चात मोटार जागची हलली नाही आणि एक संपूर्ण पावसाळा उघड्यावर भिजत राहिली. श्राद्ध आटोपल्यावर मी मोटारीचे दार उघडले. डावीकडच्या आसनापुढे, जिथे गृहिणी पाय ठेवी, तिथे गंजलेल्या तळातून अंगणातले गवत दिसत होते.

वेल्डिंग करणारा गृहस्थ आमचा जुना परिचित, महाड गावातलाच, बरीच वर्षे आखातात काढून परतलेला. सुट्टीच्या दिवशी यंत्र टेम्पोत घालून घरी आला. तळावर हातोडी ठोकून म्हणाला, "गुरुजी, पत्रा हाय कुठं यात? रंगच रंगाला धरून बसलाय."

"भोवतालचे काप," मी म्हणालो, "पण तिचे पाऊल पडे तेवढा तुकडा राहू दे. त्याच्या चहूबाजूंनी नवा पत्रा जोड."

"गंजाला टाका धरत नाय."

"प्रयत्न तर कर."

त्याने केला. ठिणगी पडली तिथे पत्रा वितळून भोक अधिकच मोठे झाले. दुसऱ्या कडेनेही तेच. डोळ्यांवरची काळी काच त्याने वर केली. मग म्हणाला, "काकू असत्या तर बोलल्या असत्या, 'मेल्या, दुरुस्त करायला आलास का मोडायला?'"

मी हसलो, आणि हसता हसता मला पायरीवर बसावे लागले.

"काप," मी म्हणालो.

पाणी शिरते कुठून, हे पाहण्यासाठी त्याने काचेखालची जाळी उघडली. आत कित्येक दसऱ्यांचे निर्माल्य साचले होते. काळवंडलेल्या पाकळ्या, दोरे, कुजलेल्या अक्षता यांचा ओला गोळा. पावसाचे पाणी बाहेर सोडणारी नळी त्या गोळ्याने बुजली होती, म्हणून पाणी आतल्या आत उतरून तळात मुरत राहिले. तो म्हणाला, "माळ घाला गुरुजी, पण दुसऱ्या दिवशी काढा. नायतर हा नवा पत्राबी जाईल." ते निर्माल्य मी केळीच्या पानावर घेतले आणि नदीला दिले. तिच्या हातच्या फुलांनीच तिच्या पायांखालचा आधार झिजवला होता, हे मला कोणाशी बोलता आले नाही.

पुठ्ठ्यावर माप काढून नवा पत्रा कापला. मी पत्रा धरून ठेवी, तो वेल्डिंगचे दूरदूर टाके घाली आणि ओल्या फडक्याने निववी. गंज धरू नये म्हणून वर द्यायचा तांबडा रंग मात्र मी स्वतः लावला.

दसऱ्याला माळही मीच ओवली. वेडीवाकडी झाली. दुसऱ्या सकाळी ती सोडायला गेलो आणि दोऱ्याची गाठ बोटांत धरून उभा राहिलो. ठेवली तर मोटार जाणार, काढली तर तिचा दंडक मोडणार. आणि तिचे म्हणून माझ्यापाशी आता हे दोनच उरले होते. इतक्यात जोड पाहायला वेल्डिंगवाला आला.

"काढली नाय अजून?"

"वाटेवर गळू दे. पोलादपूरला चल. माझ्या डोळ्यांना आता रस्ता झेपत नाही."

त्याने मोटार चालवली. मी प्रथमच डावीकडे, तिच्या जागी बसलो. नदीकाठची वाट मागे पडू लागली तशी फुले एकेक सुटू लागली.

"मागचा टेम्पोवाला शिव्या घालतोय गुरुजी. सगळा झेंडू त्याच्या काचेवर."

"प्रसाद म्हण त्याला."

पोलादपूर मागे टाकून वाडीच्या वळणावर थांबलो, तेव्हा नुसता दोरा उरला होता. वर तिच्या माहेरच्या घराला कुलूप आहे, माणसे मुंबईस असतात. मी उतरून दोरा सोडला. पुन्हा बसताना पाय तळावर टेकले. पत्रा भक्कम होता, कुठे दबला नाही. त्याच्यावर तिचे पाऊल कधी पडलेच नव्हते.

वाचकहो, आपल्या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला श्रीगजानन सुखरूप परत आणो. आपल्या घरात माळ ओवणारे हात दीर्घायुषी होवोत.