कानाची खूण

बिरूचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा भरवसा नव्हता. दोष त्याचा एकट्याचा नाही म्हणा. खुलताबादच्या डोंगराखाली त्यांची वस्ती. मेंढरं दुसऱ्याच्या कळपात चरायला द्यायची झाली, की बाप आधी कान कातरून खूण करायचा. दिलं तेच मेंढरू परत आलं पाहिजे. हा धडा घेऊन गडी सिडकोतल्या एका ऑफिसात संगणकाच्या जावा भाषेत प्रोग्राम लिहायला बसला, आणि मेथडच्या, म्हणजे प्रोग्रामातल्या एकेका कामाच्या तुकड्याच्या, हाती द्यायच्या प्रत्येक पॅरामीटरपुढं ‘फायनल’ लिहू लागला. आत कुणी त्या नावाला दुसरीच वस्तू चिकटवायला गेलं, की प्रोग्राम तपासणारा कंपायलर तिथंच अडवतो.

“कातर कान, कातर,” शेजारी बसणारा इंद्रजीत हसायचा. हा बिरूच्या शेजारच्या गावचा, मोसंबीवाल्यांचा. त्याच्या हसण्यातही बिरूला काळंबेरं दिसायचं.

त्या दुष्काळात शहर नव्या कॉलन्या काढत सुटलं होतं आणि गावं टँकरकडं डोळे लावून बसली होती. कुठल्या वस्तीला टँकर धाडायचा ते ठरवणारा प्रोग्राम बिरूनंच लिहिला. तो सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा, राजाबाईचा फोन आला.

“बिरू, पहिल्या दिशी आला तेवढाच. काल नाय, आज नाय. आपलं नाव हाय ना यादीत?”

नाव गायब होतं. बिरू तडक इंद्रजीतपुढं उभा राहिला. “तूच उडवलं नाव. आमची फेरी तुमच्या मोसंबीला पाहिजे, व्हय ना?”

इंद्रजीतचा चेहरा उतरला. “तुझ्या मेथडला मी हात लावला नाय. वाच एकदा.”

“काय वाचू? यादीपुढं फायनल हाय.”

“तरी वाच.”

बिरूनं वाचलं. आज कोण राहिलं ते कळावं म्हणून त्यानंच लिहिलं होतं: टँकर पोचला, की ती वस्ती यादीतून काढ. फायनल आहे म्हणजे मूळ यादीला धक्का लागणार नाही, ही त्याची समजूत. फायनलनं यादीच्या जागी दुसरी यादी येऊ दिली नव्हती, एवढंच. आतली नावं राखणं त्याचं काम नव्हतंच. पहिल्या दिवशी पाणी पोचलेल्या वस्त्या मूळ यादीतूनच कायमच्या गेल्या होत्या. कानावर खूण होती, मेंढरू तेच होतं, अन् लोकर बिरूनंच कातरली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेलेली नावं त्यानं परत भरली, आधी यादीची नक्कल करून मग नकलेतून नावं काढायची, असं लिहिलं आणि आईला फोन लावला.

“उद्यापासून येईल टँकर. चूक माझीच व्हती. दोन दिस पाणी कुठून आणलं?”

“आशाबाईनं दिलं. मोसंबीचं पाणी तोडून वस्तीची टाकी भरली बाईनं. तिचा इंद्रजीत तुझ्यापाशीच बसतो ना? त्याला सांग, लई उपकार झाले.”

बिरूनं मान वळवली. इंद्रजीत त्याच्याकडं पाठ करून काम करत होता.