परीक्षेचा पेशंट आणि घरचा पेशंट

रुग्णसेवा शिकायची तर घरातला एक धडधाकट माणूस अंथरुणाला खिळवावा लागतो, हे कोर्सच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

माहितीपत्रक मी नीट वाचलं होतं. मी सगळंच नीट वाचते. आमच्या फ्रिजवर आठवड्याच्या भाज्यांची यादी असते, कपाटाच्या दाराला आतून औषधांच्या एक्सपायरीची, आणि दिवाळीत कोणाला किती चकल्या गेल्या याचीही एक आहे (ती दाखवत नाही). मी हिशेब बघायचे ती पतसंस्था बंद पडली, तेव्हाही रडत न बसता मी पुढे काय करता येईल याची यादी केली. शिवणकाम: डोळे साथ देणार नाहीत. डबे: सासूबाई चव घेऊन नापास करतील. रुग्णसहायकाचा कोर्स: हे जमेल. नर्सच्या हाताखाली किंवा पेशंटच्या घरी राहून त्याला उठवायचं, बसवायचं, पुसायचं, भरवायचं, बेडपॅन द्यायचं. म्हटलं, चोवीस वर्षं संसार केला, यात नवीन ते काय? उलट या वेळी प्रमाणपत्र मिळेल!

वर्गात सगळ्या वीस-बावीसच्या पोरी. त्या मला काकू म्हणायच्या आणि माझ्या वहीवरून उतरवून घ्यायच्या. लेखी परीक्षेत मी पहिली आले. एका होमकेअर एजन्सीच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "एक तारखेला प्रमाणपत्र घेऊन या, ड्युटी देते. नाही आणलं तर जागा दुसरीला." मीही घाईघाईने नरखेडच्या सगळ्या नातेवाइकांना नोकरी लागल्याचं कळवून टाकलं. तेव्हा आता नापास होण्याची सोयच उरली नव्हती.

राहिलं होतं फक्त शेवटचं प्रात्यक्षिक. परीक्षक तुमच्या घरी येणार, घरातलं एक माणूस पेशंट म्हणून झोपणार आणि तुम्ही त्याची शुश्रूषा करून दाखवायची. मला आलेली केस होती लकव्याची: उजवी बाजू पूर्ण निकामी. नियम एकच होता. पेशंटने स्वतःहून काहीही करायचं नाही.

हा नियम वाचताच माझ्या डोळ्यांसमोर माझे यजमान आले. विलासराव रविवारी दिवाणावर असे पडतात की मोलकरीण त्यांच्यावरूनही फडकं मारून जाते. स्वतःहून काहीही न करण्यात त्यांचा हात धरणारा नागपुरातल्या आमच्या उभ्या मानेवाड्यात नाही. मी निर्धास्त झाले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पलंगावरून खुर्चीत बसवण्याची तालीम केली. पुस्तकात होतं तसं मी त्यांचे पाय खाली सोडले, कमरेला माझी ओढणी बांधली, गुडघे वाकवून पवित्रा घेतला.

"मी एक, दोन, तीन म्हणीन. तीनवर उठायचं."

"हाव ना, समजलं."

"एक... दोन..."

दोनवर उठले! चोवीस वर्षांत माझं एक वाक्य पूर्ण ऐकून घेतलं नाही, ते आज कुठून घेणार? मी तिकडे, ते इकडे, मध्ये ओढणी. आम्ही दोघं मिळून खुर्चीवर कोसळलो आणि खुर्ची फरशीवरून सरकत भिंतीला जाऊन टेकली. (प्लास्टिकच्या खुर्चीला ब्रेक नसतो, हेही पुस्तकात नाही.)

डॉक्टरांनी विलासरावांची कंबर दाबून पाहिली. त्यांनी डॉक्टरांचे पूर्वज काढले. "स्नायू दुखावला आहे. आठवडाभर पडून राहा," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे माझ्याकडे आता खराखुरा अंथरुणाला खिळलेला पेशंट होता आणि तो परीक्षेच्या काहीही कामाचा नव्हता! बोट लावलं तरी किंचाळत होता. परीक्षकांसमोर माझ्या हाताखाली पेशंट किंचाळला तर मार्क कोण देणार?

शेवटी सासूबाई पुढे आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म नरखेडकडचा, संत्र्याच्या बागेत राबलेलं शरीर. आजही दूधवाल्याच्या आधी उठतात.

"निजाचंच आहे ना? त्यात कायची परीक्षा वं? मी निजतो."

"आई, उजवा हात-पाय हलवायचा नाही."

"नाही हालवत."

"मी भरवलं तरच खायचं. उठायचं तर अजिबात नाही."

"अवं, मले का समजत नाही? सात बाळंतपणं पाह्यली म्या!"

बाळंतपणाचा आणि लकव्याचा संबंध मी विचारला नाही. वेळ नव्हता.

सकाळी मी हॉलमध्ये पलंग मांडला, चादरीचे कोपरे पुस्तकातल्यासारखे दुमडले, ट्रेमध्ये सामान क्रमाने लावलं. नागपूरचा मे महिना. पेशंटला घाम येऊ नये म्हणून घरातला एकमेव कूलर विलासरावांच्या खोलीतून ढकलत हॉलमध्ये आणला. त्यांच्या खोलीतल्या उशाही उचलल्या, कारण कुशीवर वळवलेल्या पेशंटला तीन उशा लागतात.

"अवं, कूलर कुठं नेऊन राहिली?" आतून आवाज आला.

"पेशंटसाठी!"

"अन् मी कोण आहो?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला सवड नव्हती. मी त्यांचं दार ओढून घेतलं.

अकराला बेल वाजली. मी स्वयंपाकघरात हात धूत होते (कोपरापर्यंत, नियमाप्रमाणे). ओल्या हातांनी बाहेर येते तो काय, लकव्याच्या पेशंटने पलंगावरून टुणकन उडी मारून स्वतः दार उघडलं होतं!

"या, या! एवढ्या उन्हाच्या काहून आल्या बाई? बसा, कूलरसमोर बसा."

दारात परीक्षक, डोंगरे सिस्टर. मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. चेहरा असा, की समोरच्या माणसाने आपणहून थर्मामीटर तोंडात धरावा.

"पेशंट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच तं आहो!" सासूबाई म्हणाल्या.

मी त्यांना जवळजवळ उचलूनच पलंगावर ठेवलं. कानात म्हटलं, "आई, हलायचं नाही म्हटलं होतं ना!"

"अवं, पाहुणी दारात अन् मी लोळून राहू? काय म्हणंन ते?"

डोंगरे सिस्टरनी वहीत काहीतरी लिहिलं. "चला, सुरू करा."

मी सुरू केलं. "आई, आता मी तुमचे हात पुसणार आहे." (प्रत्येक कृती आधी पेशंटला सांगायची असते.) ओल्या कपड्याने डावा हात पुसला, उजवा पुसला. सगळं शिस्तीत. तेवढ्यात सासूबाईंनी त्याच निकामी उजव्या हाताने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"फ्रिजमधी पन्हं आहे. पहिले बाईले दे."

"आई, हात!" मी दात आवळून म्हटलं.

त्यांनी समजूतदारपणे उजवा हात खाली ठेवला आणि डाव्याने बोट दाखवलं.

"मी काही घेणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "परीक्षेच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे."

इथे माझं नशीब फुटलं. कारण पुढची कृती होती पेशंटला भरवणं. मी उशा लावून सासूबाईंना टेकवून बसवलं, गळ्याखाली रुमाल लावला, मऊ खिचडीचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. सासूबाईंनी तोंड घट्ट मिटलं.

"आई, आ करा."

मान नकारार्थी हलली.

"काय झालं? पेशंट खात का नाही?" सिस्टरनी पेन उचललं.

"पाहुणी उपाशी अन् मी खाऊ?" सासूबाई कडाडल्या. "आमच्याकडं अशी रीत नाही बाई. तुम्ही घास खा, मंग मी खातो."

"आजी, मला चालत नाही."

"मंग मलेही चालत नाही."

सिस्टर नियम मोडेनात, सासूबाई रीत मोडेनात आणि मी चमचा हवेत धरून उभी! भरवण्याचे मार्क सगळ्यांत जास्त होते. चमच्यावरची खिचडी कूलरच्या वाऱ्याने वाळायला लागली होती.

तेवढ्यात आतून हाक आली.

"पाणी देऊन राहिलं का कोणी?"

सिस्टरचे कान टवकारले. "आत कोण आहे?"

"कोणी नाही, मिस्टर आहेत," मी म्हटलं.

"खिचडीचा वास येऊन राहिला! सकाळपासून नुसता एक कप चहा दिला आहे! कूलर नेला! उशी नेली! माणूस मेला तरी पाहणार नाही हे बाई!"

मी हसून म्हटलं, "त्यांना जोरात बोलायची सवय आहे." पण सिस्टर उठल्या होत्या. त्या पुढे, चमचा घेऊन मी मागे. त्यांनी दार ढकललं.

मी जे आठवडाभर पाठ करून ठेवलं होतं ते सगळं तिथे उलट मांडलेलं होतं. चादरीच्या घड्या पाठीखाली गोळा झालेल्या. पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही अशा खिडकीत. डोक्याखाली उशीऐवजी दोन पँटींची गुंडाळी. बनियन घामाने चिंब. ही खोली परीक्षेला असती तर मी तिला शून्य दिलं असतं.

"यांना काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"कंबर दुखावली," मी म्हटलं.

"कशाने?"

मी विलासरावांकडे पाहिलं. विलासरावांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात एकदा तरी माझ्या डोळ्यांतलं कळावं ना?

"प्रॅक्टिसमधी," ते म्हणाले.

सिस्टरनी वही उघडली. तेवढ्यात माझ्या मागे भांड्याचा आवाज झाला. वळून पाहते तर लकव्याच्या पेशंट हातात पन्ह्याचा ग्लास घेऊन चालत आल्या होत्या, दोन्ही पायांनी, ठणठणीत.

डोंगरे सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "आजी, तुमचा लकवा बरा झाला का?"

 चोवीस वर्षांत या बाईंनी माझ्या पोळीला गोल म्हटलं नव्हतं. आता तर एक सरकारी दिसणारी बाई वही उघडून सुनेबद्दल विचारत होती. अशी संधी कोणती सासू सोडेल?

सासूबाईंनी पदर सावरला. "झाला ना बाई! काय सांगू, माह्या सुनेच्या हाताले असा गुण आहे, तिनं हात पुसला अन् मी उठून चालाले लागली!"

विलासराव हसले, हसताना कंबर दुखली आणि ते जोरात ओरडले. डोंगरे सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली.

"आता यांना वळवा," त्या म्हणाल्या. "परीक्षा इथे होईल."

मी चमचा खाली ठेवला. हात धुऊन आले. "मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे. तुम्ही काही करायचं नाही."

"हळू वं," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती होती. मला एकदम वाईट वाटलं, आणि हातही आपोआप हळू झाले. खांदा आणि कंबर एकाच वेळी धरून मी त्यांना एखाद्या ओंडक्यासारखं एकसंध वळवलं. पाठीखालची चादर ओढून सरळ केली. हॉलमधून उशा आणल्या: एक डोक्याखाली, एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीला. घाम पुसला, पाणी पाजलं, कूलर परत ढकलत आणला. खिचडी भरवली. ते वाटीभर खाऊन मोकळे झाले.

"कसं वाटतं?" सिस्टरनी विचारलं.

"बरं वाटून राहिलं," विलासराव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "एवढं येत होतं तं कालपासून काहून नाही केलं?"

"काही तक्रार?"

या वेळी त्यांनी माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. "नाही मॅडम. बिलकुल नाही."

डोंगरे सिस्टरनी सही केली. दाराशी जाऊन म्हणाल्या, "पास केलं आहे. हात चांगला आहे तुमचा. फक्त नोकरी घराबाहेरच करा."

एक तारखेला मी प्रमाणपत्र घेऊन, यादीनुसार डबा, पाण्याची बाटली आणि इस्त्रीचा एप्रन घेऊन एजन्सीत हजर झाले. विलासराव अजून पडूनच होते, पण पहिल्या दिवशी सुट्टी मागणं माझ्या शिस्तीत बसत नाही. त्यांच्या हाताशी पाणी ठेवलं होतं आणि सासूबाई घरात होत्याच.

मॅडम माझी वाटच पाहत होत्या.

"बरं झालं आलात. आत्ताच एक फोन आला. गृहस्थांची कंबर धरली आहे, अंथरुणावर आहेत. बिचारे म्हणाले, बायको नोकरीला जाते, आई शेजारणीशी बोलायला गेली की तासभर येत नाही, कोणीतरी प्रेमानं करणारी बाई पाठवा. मानेवाड्यातच आहे. तुम्हाला जवळ पडेल."

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. पत्ता आमचा होता.

मी चिठ्ठी नीट वाचली, घडी घालून त्यांना परत दिली आणि म्हटलं,

"नाही हो मॅडम, मला ते फार दूर पडेल."