साडेतीन फुटांतले गुलाब

"हात मागे," त्या म्हणायच्या. कोणी फुलांकडे नुसतं बोट दाखवलं तरी. हातातली कात्री हवेत एकदा वाजवायच्या, आणि समोर पोस्टमन असो नाहीतर सोसायटीचे चेअरमन, माणूस खरोखरच हात पाठीमागे न्यायचा. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस-बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर आवाजाला अशी धार येत असावी. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. त्यांचं नाव मला फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर लिहायला लागायचं, कारण मी आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी होतो.

मुलुंड पूर्वेला ही चार मजली बिल्डिंग. सिस्टर तळमजल्यावर एकट्या. त्यांची खिडकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची एक अरुंद पट्टी होती. त्या राहायला आल्या तेव्हा तिथे फुटक्या कुंड्या आणि वरून टाकलेला कचरा होता. त्यांनी ती हातभर खोल खणली, तळाला विटांचे तुकडे घातले, वर माती आणि शेणखत भरलं, आणि चेंबूरच्या एका नर्सरीतून सहा रोपं आणली. बुटकी, गुडघ्याच्याही वर न जाणारी, उभं वाढण्याऐवजी आडवी पसरणारी. आपला बटण गुलाब असतो तेवढीच फुलं, पण झुबक्यांनी.

"उंच गुलाब का नाही लावलेत?" मी एकदा विचारलं होतं. तेव्हा आमचं बोलणं होतं.

"उंच गुलाब माणसं जाता जाता तोडतात. ह्याला खाली वाकायला लागतं. आपल्या बिल्डिंगीत वाकतंय कोण?"

लांब झालेली फांदी त्या मातीवर आडवी करायच्या आणि स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढून तिच्यावर खोचायच्या. महिन्याभरात तिथे मुळं धरायची आणि नवं झाड तयार व्हायचं. पावसाळ्यात पानांवर काळे डाग आले की पिशवी घेऊन एकेक डागाळलेलं पान वेचायच्या. दर झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसायच्या. तीन वर्षांत मातीचा बोटभर तुकडा उघडा राहिला नाही.

तुम्हाला वाटेल, अशी बाई बिल्डिंगला आवडत असेल. नव्हती आवडत. मुलांचा चेंडू गुलाबांत गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत परत मिळायचा नाही. पहिल्या मजल्यावरून कोणी चादर झटकली की खालून आवाज यायचा, "तुमचा केर माझ्या पानांवर नको." त्या मालवणच्या, मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायच्या. वासाबद्दल माझ्याकडे लेखी तक्रार आली. मी त्यांना पत्र दिलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात कागद लागला होता: 'रविवार सकाळी अकरा, बांगडा. बुधवार सकाळी दहा, मांदेली. खिडक्या लावून घ्याव्यात.' लोक हसले. मी नाही हसलो. तो बोर्ड माझ्या ताब्यात होता.

मग टू-व्हीलर वाढल्या. लावायला जागा उरली नाही, तेव्हा मीच सर्वसाधारण सभेत सुचवलं की तळमजल्याच्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवू. जागा पाच फूट आहे, सहा गाड्या सहज मावतील. सिस्टर उठल्या. पर्समधून टेप काढून टेबलावर ठेवली.

"साडेतीन फूट आहे. सकाळीच मोजली. सेक्रेटरीने घरबसल्या मोजलेली दिसते."

सभा हसली. "गाड्या तिरक्या लावता येतात," मी म्हणालो.

"माका शिकव नको," त्या म्हणाल्या, आणि टेप उचलून खाली बसल्या. चिडल्या की त्या मालवणीवर जायच्या.

तरी ठराव मंजूर झाला. गाड्या जास्त लोकांकडे होत्या. पण चेअरमननी त्यात एक वाक्य घालायला लावलं: काम सुरू करण्यापूर्वी सिस्टरना कळवावं, म्हणजे त्यांना झाडं कुंड्यांत हलवता येतील. ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं.

जानेवारीत त्यांचा भाऊ वारला आणि त्या गावाला गेल्या. गुलाब तेव्हा ऐन बहरात होते. चौथ्या दिवशी कंत्राटदाराचा फोन आला, माणसं मोकळी आहेत, काम उरकून टाकू का. सिस्टरचा मोबाइल नंबर माझ्याकडे होता. सोसायटीच्या वहीत तर होताच, माझ्या फोनमध्येही होता. मी कंत्राटदाराला हो म्हणालो.

दोन तासांत झाडं निघाली. कामगारांतला एकजण मला म्हणाला, "साहेब, बाजूला ठेवू का? मुळं चांगली आहेत." मी म्हटलं, "कचऱ्यात टाका." हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या परतल्या तेव्हा मी गॅलरीत होतो. हातात बॅग, समोर करड्या ब्लॉकवर रांगेत लावलेल्या स्कूटर. त्या वॉचमनशी काहीतरी बोलल्या, बॅग तिथेच ठेवली आणि गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीपर्यंत चालत गेल्या. गाडी केव्हाच कचरा उचलून गेली होती. मग तीन मजले चढून त्यांनी माझी बेल वाजवली.

"माझा फोन नंबर होता ना तुझ्याकडे?"

"सिस्टर, सभेत ठराव झाला होता."

"ठराव नाही विचारला. फोन विचारला."

"होता."

त्यांनी मान हलवली आणि कठड्याला धरून खाली गेल्या. मला वाटलं होतं त्या आरडाओरडा करतील, तक्रार करतील, त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. तसलं काही झालं नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. जिन्यात समोर आलो तर त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायच्या.

दोन वर्षांनी माझी आई बाथरूममध्ये पडली. खुबा मोडला, वयामुळे ऑपरेशन करता येईना, आणि ती अंथरुणाला खिळली. दीड महिन्यात पाठीला जखमा झाल्या. आम्ही ठेवलेली बाई नीट वळवायची नाही. माझ्या बायकोने मला न विचारता सिस्टरना गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या आमच्या दारात उभ्या होत्या, हातात ड्रेसिंगचा डबा.

"त्याला बाहेर जायला सांग," त्या बायकोला म्हणाल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

सात महिने त्या रोज आल्या. रविवारीसुद्धा. गरम पाणी हवं असेल तर "त्याला सांग", उशी सरकवायची तर "त्याला सांग". एकदा बायको घरात नव्हती. मला वाटलं, आज तरी बोलतील. त्यांनी आईलाच सांगितलं, "आजी, तुमच्या मुलाला म्हणावं कापूस संपलाय."

एकदा मी दाराबाहेर असताना आईने त्यांना विचारलं, "माझ्या मुलावर रागावली आहेस का गं?"

"हो."

"काय केलं त्याने?"

"ते त्याला ठाऊक आहे. तुम्ही कुशीवर व्हा."

"राग जाईल का तुझा?"

"नाही, आजी. श्वास सोडा, आता दुखेल थोडं."

आईच्या जखमा भरल्या. गेली ती न्यूमोनियाने. शेवटची अंघोळ सिस्टरनी आणि माझ्या बायकोने मिळून घातली. सिस्टरनी आईचे केस विंचरून दिले, डबा बंद केला आणि मी हात जोडून उभा होतो त्या बाजूला न बघता खाली गेल्या.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला. पट्टीवरचे ब्लॉक काढावेत, माती पूर्ववत करावी, खर्च मी करीन. लोक कुजबुजले. काहींना माहीत होतं, काहींना अंदाज होता. दोघांनी अनुमोदनाला हात वर केले. तेवढ्यात सिस्टर मागच्या खुर्चीवरून उठल्या.

"माझा विरोध आहे. लिहून घ्या."

मग सरळ माझ्याकडे वळल्या. इतक्या काळात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तुला बरं वाटावं म्हणून मी पुन्हा माती खणायची? ह्या वयात? तुझ्या आईसाठी मी आले, ते तिच्यासाठी. त्यात तुझं काही फिटलेलं नाही. राहू दे ते ब्लॉक तिथेच. रोज बघ."

त्या बसल्या. ठराव बारगळला. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदस्यांच्या विरोधामुळे विषय रद्द', आणि महिन्याभरात सेक्रेटरीपद सोडलं.

मागच्या वर्षी त्यांनी फ्लॅट विकला आणि भाचीकडे कुडाळला गेल्या. निघाल्याचं मला संध्याकाळी वॉचमनकडून कळलं. गॅस, वीज, पेपरवाला, सगळ्यांचा हिशेब चोख करून गेल्या होत्या, बायकोला भेटून गेल्या होत्या. त्यांच्या खिडकीला आता नव्या माणसांनी सरकती काच बसवली आहे आणि ती नेहमी बंद असते.

त्या पट्टीवरची खिडकीसमोरची जागा पहिल्या वाटपात माझ्या नावावर आली होती. काही वर्षं मी तिथे स्कूटर लावलीही. हल्ली रस्त्यावर लावतो. दोनदा टोइंगवाल्यांनी उचलली. गेल्या आठवड्यात नव्या सेक्रेटरीचं पत्र आलं: सदर जागा आपण वापरत नाही, तरी ती वापरावी किंवा दुसऱ्या सदस्यासाठी मोकळी करावी, पंधरा दिवसांत कळवावं.

मी अजून काही कळवलेलं नाही.