भोळी शे ती

आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तुन्हा नवरा म्हणजे टीव्हीतला तोच. तो नट सात वाजताच्या मालिकेत कितीतरी वर्षं चांगला नवरा होता, बायकोला आपल्या ताटातला घास भरवायचा, कधी मोठ्यानं बोलला नाही. माझा पण तसाच. लग्न करून नंदुरबारला आले तेव्हा मी सातवीतून शाळा सोडलेली, रिक्षात एकटी बसायला घाबरायची, आणि कोणाकडे गेलो की हा माझ्याकडे बघून हळूच हसायचा, "भोळी शे ती, तिले काही समजत नही." मला वाटायचं लाडानं म्हणतो. मी पण खाली बघून हसायची.

मग मुलगी झाली. मी मिरचीचे देठ खुडायला जाते, जिथे मिरची वाळत घालतात तिथे, दिवसभर खुडून हाताची आग होते, कितीही तेल चोळा, लगेच लेकराला हात लावता येत नाही. म्हणून सासूच तिला घ्यायची. सुरतच्या नणंदेला मूल नाही. तिचा फोन आला की नवरा बाहेर जाऊन बोलायचा. मी कधी विचारलं नाही.

तेवढ्यात एक कोर्टाची मालिका लागली आणि तिच्यात तोच नट. आम्ही सगळ्या खूश. त्याच्या बायकोवर केस होती, तिनं आपलंच बाळ हौदात ढकललं म्हणून, आणि हा साक्ष देताना रडत होता, "ती भोळी आहे हो, तिला कळत नाही." सासूनं पदर डोळ्याला लावला. मी पण रडले, त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईनं एकेक साक्षीदार उभा केला, दूधवाला, शेजारीण, मास्तरीण, आणि सगळ्यांना एकच विचारलं, ही भोळी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट केलं. तो तसाच उभा, तेच गोड हसू. मग काल एवढा रडणाऱ्या त्यानं निवांतपणे मनगटावरचं घड्याळ नीट केलं आणि मला कळलं, बाळ यानंच ढकललं. त्याची बायको पिंजऱ्यात गप्प उभी होती. शेजारची मावशी, माझ्यासोबत देठ खुडायला येते ती, टीव्हीकडे बघून म्हणाली, "बोल ना वं बाई, तोंडमा काय मिरची शे का?"

हसू तेच होतं ना, घास भरवताना पण तेच.

सकाळी देठ खुडताना मी मावशीला विचारलं, "मावशी, मी भोळी शे, हाई तुले कोणी सांगं?"

ती हसायला लागली. "तुन्हा नवरानीज. बारसामा सगळासले सांगी ऱ्हायंता, पोर इन्हाकडे कशी वाढी म्हणे, सुरतलेच बरी." मग तिनं माझं तोंड बघितलं. "तुले माहीत नही का वं?"

बारशाला. मी आत बाळाला पाजत होते तेव्हा.

रविवारी नणंद आली, लहान फ्रॉक, दुधाची बाटली, सगळं घेऊन. मी कामाला गेले नाही, हात कोरडे होते, मुलगी मांडीवर. नवरा माझ्याजवळ बसला, तोच आवाज, "पोर थोडा दिन ऱ्हाई तठे, सुरतले. तू भोळी शे, तुले समजाव नही."

मी मुलीला जवळ ओढलं. म्हटलं, "मी भोळी नही शे. तुम्हीच सगळासले सांगी ठेवं. पोर मी देणार नही."

सासू म्हणाली, "टीव्ही देखीसन डोकं फिरनं हिनं."

पण नणंद त्याच्याकडे बघत होती. "दादा, तू तर माले सांगेल व्हतं ना, ती आपला मनथीन, राजीखुशीनं देई ऱ्हायनी?"

त्यानं मान वळवली. तिनं बाटली पिशवीत टाकली आणि संध्याकाळच्या गाडीनं रडत गेली. फ्रॉक तेवढा ठेवून गेली.

आता मी मुलीला कामावर नेते, मावशी झाडाला झोळी बांधून देते, आम्ही आळीपाळीनं झोका देतो. घरी नवरा अजून गोडच बोलतो, त्याचीच भीती वाटते, ओरडला असता तर बरं. परवा पाहुणे आले, मी चहा ठेवला, तो सवयीनं हसून म्हणाला, "ती ना जरा..." आणि माझ्याकडे बघून थांबला. मी मुलीला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले, पाहुणे जाईपर्यंत.