सफरमोहच्या कणगीतला रानदवणा

सफरमोहचं पोरकिड्यांशी जन्मजात वैर. डोंगरातला कडूजहर रानदवणा फुलावर आला की ती कापून आणायची, सावलीत वाळवायची आणि हातांनी चुरडून कणगीतल्या गव्हात मिसळायची. थोडा पुरतो हे तिला कधीच पटलं नाही. त्यामुळे तिच्या गव्हाकडे किडा फिरकत नसे आणि तिच्या रोटीकडे पाहुणा.

गेल्या नवरोज़ला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, सगळ्या आळीचं सुमनक तिच्याच गव्हाचं शिजलं. गव्हांकुरांचं हे सुमनक साखरेवाचून गोड व्हायला हवं. ते इतकं कडू झालं की खाली लागू नये म्हणून कढईत टाकलेले खडेच लोक चोखत बसले. शेजारच्या ज़ैनूरानं ते निमित्त वर्षभर पुरवून वापरलं. "आपा, खडे मात्र छान मुरले होते हं," असं ती भेटेल तिथे म्हणायची.

सफरमोहनं आळीकडून यंदाची शेवटची संधी मागून घेतली. सुमनक पुन्हा कडू झालं किंवा गहू किडला, तर सुमनकाची कढई कायमची ज़ैनूराच्या अंगणात जाणार. किडका गहू तर उगवतही नाही. म्हणून तिनं रानदवणा चुरडून मिसळला नाही. कापडी पिशव्यांत भरून गव्हाच्या थराथरात पुरला.

त्याच हिवाळ्यात तिचा नवरा हकनज़र म्हातारा झाला. अंगात रजईसारखा कापूस भरलेला जाड, लांब चपन असूनही तो कुडकुडायचा. हाडांत थंडी शिरली, आपलं काही खरं नाही, असं सांगत त्यानं निम्म्या गावाचा निरोपही घेऊन टाकला. सफरमोह मान खाली घालून त्याला गरम शोरबा वाढत राहिली.

नवरोज़ जवळ आला, तशी कणगी उघडायला सगळी आळी जमली. ज़ैनूरा चाळणी घेऊनच आली होती. चाळलं, पाखडलं, दाणे फोडून पाहिले. एक किडा नाही, एक भोक नाही. दाणा चावून पाहिला, तर निव्वळ गहू! बायकांनी एकच गलका केला. सफरमोहनं आनंदानं पिशवी डोक्यावर धरली आणि गिरकी घेतली.

पिशवीवर लाल-पिवळे पट्टे होते. हकनज़र पुढे आला. त्यानं पिशवी पाहिली, मग चपनाच्या आत हात घालून पाठ चाचपली.

"म्हातारे, हे माझं अस्तर."

"आणि कापूस उशीत आहे," ती म्हणाली. "पोरांचे बाबा, एवढं घट्ट विणीचं कापड घरात दुसरं होतं कुठं?"

अंकुर गालिच्यासारखे दाट आले. सुमनक असं गोड झालं की ज़ैनूरानं तिसरा वाडगा पदराआड धरून मागितला. हकनज़रला मात्र बायकोला चार शब्द सुनावायचे होते, सगळ्यांदेखत. पण वाडग्यात खडा आला की तो तोंडात धरायचा आणि मनातली इच्छा मागून होईपर्यंत बोलायचं नाही, ही रीत.

सफरमोहनं त्याला चांगला मोठा बघून खडा वाढला होता.