पाहुण्यांपुरती शाळा

त्या दिवशी सकाळी एका संस्थेचा टेम्पो नाल्यात उलटला आणि एक मुलगी मेली. नोकरीतल्या कितीतरी घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मिसळली नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगल तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. पोलिसांचे सगळे लक्ष तेव्हा नक्षलवाद्यांकडे असे. रस्ता तपासल्याशिवाय जीप बाहेर काढायची नाही आणि अंधार पडण्याआधी परत यायचे, असा नियम होता. अपघात, चोरी, मारामारी ही किरकोळ कामे समजली जात. अपघाताचा तपास साधारणपणे हवालदारच संपवून टाकी.

तालुक्याच्या गावापासून थोडी आत, डोंगराच्या पायथ्याशी या संस्थेची निवासी शाळा होती. पैसा युरोपातल्या एका देशातून येई. तिथली कुटुंबे एकेका आदिवासी मुलाचा खर्च उचलत, त्याचा फोटो आपल्या घरात लावत, आणि दर हिवाळ्यात त्यांच्यातली काही माणसे आपापले मूल पाहायला येत. टेम्पो उलटला तो पाहुणे येण्याचा दिवस होता. टेम्पोत मुले होती. बहुतेकांना खरचटले, काहींचे हातपाय मोडले. पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेली मुलगी जागीच गेली.

मी मरणोत्तर पंचनामा केला आणि प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तिथे संस्थेचे संचालक आले. खादीचा झब्बा, हळू बोलणे, जिल्ह्यात मोठे नाव. त्यांच्यासोबत एक वृद्ध परदेशी बाई होत्या. मृत मुलीचा खर्च याच बाई उचलत होत्या, असे संचालकांनी सांगितले. मुलीचे नाव, बापाचे नाव, सूरजागडच्या बाजूचे एक डोंगरातले गाव, हे सगळे त्यांनी न अडखळता दिले. मुलीच्या चेहऱ्याला मार होता. बाईंनी पर्समधून फोटो काढला, पाहिला, परत ठेवला आणि स्ट्रेचरजवळ बसून मुलीची पावले हातात धरून ठेवली. गाव लांब डोंगरात आहे, बापाला यायला वेळ लागेल, म्हणून संचालकांनी एका माणसाला मुलीचा काका म्हणून उभे केले. त्याने अंगठा देऊन प्रेत ताब्यात घेतले. शाळेच्या मागच्या जागेत तिला पुरले. बाईंनी मातीवर रंगीत पेन्सिलींचा डबा ठेवला, असे मला नंतर कळले.

कागदपत्रे पूर्ण करायला बापाचा जबाब हवा होता. मी त्या डोंगरातल्या गावच्या पोलीस पाटलाला निरोप पाठवला. तो बाजाराच्या दिवशी ठाण्यात आला. पटका सोडून बाकावर बसला आणि हवालदाराने विषय काढताच त्याच्याकडे पाहतच राहिला.

"कोन मेली म्हन्ता?"

हवालदाराने नाव पुन्हा सांगितले.

"ते पोट्टी? ते तर काल माह्या मोहाच्या झाडाखाली बकऱ्या चारून राह्यली होती."

"पाटील, सकाळी सकाळीच लावली का जी?" हवालदार हसला.

"लावली असती तं दोन दिसल्या असत्या. मले एकच दिसली. अन् शिव्या देत होती, माही बकरी तिच्या बकऱ्यांत शिरली म्हनून. मेलेली बाई शिव्या देते का?"

ठाण्यातले सगळे हसले. मीही हसलो असेन. मग हसू थांबले.

मी दुसऱ्याच दिवशी पथक घेऊन त्या गावात गेलो. मुलगी होती. तिच्या बापाने सांगितले ते असे : काही वर्षांपूर्वी संस्थेची माणसे आली, पोरीचा पाटीसकट फोटो काढला आणि तिला शाळेत घेऊन गेली. पंधरवडाभर ती तिथे होती. मग शाळा बंद झाली. पुढे दर हिवाळ्यात टेम्पो यायचा, पोरांना गोळा करून न्यायचा, नवे कपडे घालायचा, पाहुण्यांपुढे गाणे म्हणवून घ्यायचा आणि परत आणून सोडायचा.

"मंग या वर्षी काऊन नाई पाठवली?" माझ्या हवालदाराने विचारले.

 बापाचा आवाज चढला. "मागच्या सालले पाहुने गेले, अन् पोरीच्या आंगावरचा डरेस काढून घेतला. पुढच्या सालले लागते म्हने. तिचे जुने कपडे कुठी हरपले होते. थंडीत पोट्टी गोनपाटाचं पोतं गुंडाळून घरी आली. आता टेम्पो आला तं मीच कुऱ्हाड घेऊन उभा राह्यलो. नाई देत म्हनलं माही पोरगी!"

म्हणजे फोटोतली मुलगी मिळाली नव्हती, आणि त्या मुलीला फक्त फोटोवरूनच ओळखणारी पाहुणी बाई विमानाने निघाली होती. म्हणून तिच्या वयाची दुसरी कोणीतरी आणली गेली.

परतल्यावर घरी जेवताना मी हे पत्नीला सांगितले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. माझ्या तपासात ती कधी तोंड घालत नसे. त्या दिवशी तिने भात वाढायचा थांबवला आणि विचारले, "मग जी मेली तिची आई काय करते आहे?" आता ती नाही, गेल्याच पावसाळ्यात वारली. तिचे किती बोलणे मी ऐकून सोडून दिले असेल. हा प्रश्न सोडता आला नाही. हरवल्याची तक्रार कुठल्याच ठाण्यात नव्हती. पोर परतली नाही आणि आई गप्प आहे, असे कसे होईल?

मी शाळा पाहायला गेलो. संचालकांनी स्वतः फिरवून दाखवली. वर्ग, बाके, निजायच्या खोल्या, फाटकावर मोठा फलक. रस्त्याच्या कडेच्या दगडांना गेरू आणि चुना लावलेला होता. हे काम मला चांगले परिचयाचे. पोलीस अधीक्षकांची वार्षिक तपासणी जाहीर झाली की आमच्या ठाण्यातही दगड असेच रंगतात, मोडकी खुर्ची जीपखाली लपते, आणि जवानांच्या मेसमध्ये त्या दिवशी पनीर शिजते. कळवून आलेल्या अधिकाऱ्याला ठाणे दिसत नाही. त्याला तपासणीचा दिवस दिसतो. म्हणून मी कोणाचीही जागा पाहताना रंगवलेले सोडून न रंगवलेले पाहतो. मी स्वयंपाकघरात गेलो. मोठी चूल होती. चुलीमागची भिंत पांढरी होती. लाकडावर पन्नास पोरांचा भात रोज शिजला असता, तर ती भिंत एका महिन्यात काळी झाली असती. नखाने थोडा चुना खरवडला. खाली विटेचा रंग निघाला, धूर नाही.

"नुकताच रंग दिलाय," संचालक म्हणाले.

"रंग वरून देतात, सर. धूर खाली राहतो," मी म्हणालो.

ठाण्यात परत आल्यावर ड्रायव्हरला आणले. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. मुले शाळेतून निघाली होती, पाहुण्यांच्या स्वागताला नाक्यावर चालली होती, असे त्याने पहिल्या जबाबात सांगितले होते. पण टेम्पोचे तोंड शाळेकडे होते. तो तळ्यांच्या गावांकडून येत होता. मी हे त्याला सांगितले नाही. माणसाला त्याचे खोटे दाखवले की तो दुसरे खोटे रचतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला, त्याला पिऊ दिला, आणि एवढेच विचारले, "ती तुझ्या बाजूला बसली होती. वाटेत काही बोलली का रे?"

त्याने कप खाली ठेवला.

"लय बोलली, साहेब. तोंड बंदच नाई. तिच्या मायनं पानात सुक्या मासोळ्या बांधून देल्या होत्या. मले एक देली. म्हने, भाऊ, शाळेत मासोळी खाऊ देतीन का? मी म्हनलं, देतीन. म्हने, मंग मले तिथी ठेवून घेतीन ना? का परत पाठवतीन?" तो रडू लागला. "मी म्हनलं, ठेवून घेतीन. का म्हनू मंग मी?"

"मायला काय सांगितलं होतं?"

"तेच. पोरगी शाळेत घातली म्हनून. संस्थेच्या म्यानेजरनं सांगतलं, तसं बोल म्हने, नाई तं पोरं कोनी देत नाई."

त्याने गाव सांगितले. तळ्याकाठची ढिवरांची वस्ती. मासेमारी करणारी, शेताच्या मजुरीला जाणारी माणसे. इतर मुले अपघातानंतर जवळच्याच दोन गावांत आपापल्या घरी गुपचूप पोचवली होती. या आईकडे मात्र कोणी गेले नव्हते. पाहुणे परत जाईपर्यंत थांबायचे ठरले होते. पाहुणे गेले, तरी कोणी गेले नाही.

निरोप देणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. ते काम शिपायावर ढकलणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पत्नी म्हणाली, मी येते. आम्ही दोघे गेलो.

आई तळ्याच्या पाळीवर जाळे वाळत घालत होती. पोलिसांची गाडी पाहून ती घाबरली नाही. उलट पदर सावरत सामोरी आली.

"शाळेतून आले का जी तुमी? माही पोट्टी बरी आहे ना? शिकते ना?"

पत्नीने तिचा हात धरला. मी टोपी काढली. पोलीस टोपी काढतो म्हणजे काय, हे त्या बाईला समजले. पण ती पुन्हा तेच विचारत राहिली. "शिकते ना बाई? तिले लय हाऊस आहे जी. जाळं इनतानी बी आकडे म्हनत रायते." पत्नीने तिला सांगितले. त्यानंतर बराच वेळ तिचा आवाज तळ्याच्या दुसऱ्या काठापर्यंत जात होता. मग ती एकदम थांबली आणि मला म्हणाली, "मंग तिले कोनाच्या नावानं गाडलं, साहेब?"

तहसीलदारांसमक्ष प्रेत उकरून काढले. आईने ओळख पटवली. तिला तिच्या वस्तीजवळ, तिच्या नावाने पुन्हा पुरले. त्या वेळी संस्थेचे कोणी आले नाही.

संचालकांची चौकशी मी स्वतः केली. ते घाबरले नव्हते, दुखावले होते. "साहेब, तुम्ही वाचणारे गृहस्थ आहात. समजून घ्या. बारमाही शाळा चालवायची तर शिक्षक हवेत, धान्य हवं, औषध हवं. तिकडच्या लोकांना त्याचं काही पडलेलं नसतं. त्यांना आपलं मूल पाहायचं असतं. आम्ही त्यांना मूल दाखवतो. पोरांना एक दिवस गोड जेवण मिळतं. यात कोणाचं काय गेलं?"

"एक मुलगी गेली," मी म्हणालो.

"तो अपघात होता."

त्या उत्तराचा राग आज इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. टेम्पो उलटणे हा अपघात होता, मान्य. पण शिकायला मिळेल या खोट्या शब्दावर एका मुलीला गाडीत बसवणे, दुसरीचे नाव तिला चिकटवणे, आणि मेल्यावरही ते नाव न काढणे हा अपघात नव्हता. ती त्यांची कामाची पद्धत होती.

वृद्ध बाई मात्र अजून नागपुरात थांबल्या होत्या. त्यांचा जबाब एका प्राध्यापकांच्या मदतीने घेतला. त्या दरवर्षी पत्रातून विचारत, मी पावसाळ्यात येऊ का, रोजची शाळा पाहू का? दरवर्षी उत्तर मिळे, रस्ता बंद असतो. रस्ता बंद असतो हे खरे होते. म्हणूनच ते उत्तर सोयीचे होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे माझी मुलगी जिवंत आहे?" प्राध्यापकांनी मराठीत सांगायच्या आधीच मला ते समजले, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला होता. पुढच्याच क्षणी तो ओशाळून मावळला. वाईट बाई नव्हत्या त्या. पण त्या क्षणी तळ्याकाठच्या मुलीचा शोक करणारे तिच्या वस्तीबाहेर कोणी उरले नाही, हे मी पाहिले.

दोषारोपपत्र दाखल केले. ड्रायव्हरला शिक्षा झाली. फसवणुकीचा आरोप टिकला नाही, कारण फसवले गेलेले साक्षीला आलेच नाहीत. पैसे पाठवणाऱ्या तिकडच्या मुख्य कार्यालयाने कळवले की प्रकरण गाजले तर देणगीदारांचा विश्वास उडेल. देणगीदारांचा विश्वास! संचालकांचे काम पुढे शेजारच्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने सुरू झाल्याचे कानावर आले. माझी बदली झाली होती.

परदेशी पैसा वाईट असतो, असे मी म्हणणार नाही. त्याच पैशातून कुष्ठरोग्यांना औषधे मिळालेली आणि सिरोंच्याकडे एका वसतिगृहात पोरे दहावीपर्यंत पोचलेली मी पाहिली. तिथल्या बाई पोरांसोबत राहत, पोरांसोबत मलेरियाने आजारी पडत. तिथली चुलीमागची भिंत काळीकुट्ट होती. फरक पैशाचा नव्हता. ते वसतिगृह पोरांच्या आयाबापांना उत्तर देत होते. ही शाळा फक्त पैसे पाठवणाऱ्याला उत्तर देत होती. गरिबाला मदत करणाऱ्याने गरिबाला 'काय चाललंय इथे?' असे विचारण्याचा हक्कच दिला नाही, तर ती मदत कोणाच्या तरी घरातल्या भिंतीवरच्या फोटोपुरतीच उरते. एवढे या प्रकरणाने मला शिकवले, आणि हे शिकायला एका पोरीचा जीव जायला नको होता.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला जाणे झाले. त्या तळ्याकाठच्या वस्तीत आजही शाळेच्या नावाची गाडी आली की बाया मुलींना घरात घेतात आणि दार लावतात.